कादंबरीकाका

शनिवारी सकाळी सातच्या आत कोथरूड सोडून पौड रस्त्याला लागणाऱ्या गाड्यांत एक तरी गाडी अशी असते, की तिच्या मागच्या सीटवर भाजीची पिशवी, पाण्याचा कॅन आणि कोऱ्या वह्यांचा गठ्ठा शेजारीशेजारी बसलेले असतात. रविवारी संध्याकाळी ती परतते तेव्हा भाजी संपलेली असते, पाणी संपलेलं असतं. वह्या तेवढ्या जशाच्या तशा. ही गाडी कादंबरीकाकांची.

हे नाव आमच्या प्लॉटिंगमधल्या पोरांनी ठेवलं. पण काका एकटे नाहीत. भूगाव ओलांडून पिरंगुट, पौड करत मुळशी धरणाच्या काठानं ताम्हिणीकडे निघालात, तर अशी मंडळी जागोजागी भेटतात. कुणाला चित्र सुचायचं असतं, कुणाला चाल, कुणाला नवा धंदा. तक्रार सगळ्यांची एकच : आत भरपूर आहे हो, बाहेर येत नाही. आमचे काका त्यातला अस्सल नमुना, तेव्हा त्यांच्यावरून बाकीचे ताडून घ्यावेत.

काका बँकेत होते. २०००-०१च्या सुमारास सरकारी बँकांनी व्हीआरएस काढली आणि पुण्यातल्या कित्येक पन्नाशीच्या गृहस्थांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा एकरकमी पैसा आला. कुणी मोठा फ्लॅट घेतला, कुणी मुलाला अमेरिकेला धाडलं. काकांनी मुळशीत अकरा गुंठे घेतले. अकराच का, तर तेव्हा सगळेच अकरा घेत होते. सातबाऱ्यावर नाव चढलं त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले आणि जाहीर केलं, "आता लिहिणार!"

त्यापूर्वी त्यांनी काही लिहिलंच नव्हतं असं नाही. ते शाखेत असताना एका दिवाळी अंकाचे संपादक त्यांचे खातेदार होते. एकदा ते हप्त्याची मुदत वाढवून मागायला आले, आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की एका लेखकानं ऐनवेळी दगा दिला, आठ पानं मोकळी पडली आहेत. काकांनी कधीतरी काउंटरवर सांगितलेला किस्सा त्यांना आठवला. "तोच लिहा की. परवा सकाळी माणूस पाठवतो." काकांनी तो किस्सा जेवणाच्या सुट्टीत आणि दोन रात्री जागून, पैसे भरायच्या स्लिपांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून काढला. छापून आला. नागपूरहून एका वाचकाचं पत्र आलं. ते आज मुळशीच्या बंगल्यात लॅमिनेशन करून भिंतीवर आहे. गोष्ट चांगली आहे, मी वाचली आहे. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कादंबरीचा विषय मात्र पक्का आहे आणि तो मोठा आहे, यात वाद नाही. मुळशी सत्याग्रह. १९२१च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन ते थांबवलं. आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली जाणार होती आणि वीज जाणार होती मुंबईला. विनायकराव भुस्कुटे या लढ्यासाठी झटले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात 'सेनापती' झाले ते जन्मभरासाठी. १९२४पर्यंत लढा मोडला आणि १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. काकांनी या विषयाची चार खोकी भरून टिपणं काढली आहेत. जुन्या बाजारात एक मोडी कागद मिळाला, तर तो सत्याग्रहींचा गुप्त खलिता असणार म्हणून काकांनी मागतील तेवढे पैसे मोजून घेतला. काकू मुळशीला फारशा येत नाहीत. काका इकडे असतात तेवढ्या अवधीत त्या पुण्यात मोडी वाचायला शिकल्या. त्यांनी तो कागद वाचून दाखवला. कुणाच्या तरी लग्नात आलेल्या पितळी भांड्यांची ती यादी होती. तरी काकांनी कागद ठेवून दिला. "कादंबरीत लग्न येणारच आहे," म्हणाले.

आता यातली गंमत अशी, की ज्या जमिनीवर बसून काका जमीन गेल्याची कादंबरी लिहिणार आहेत, तीही कुणीतरी विकलेलीच आहे. विकणारे आबा रोज सकाळी त्याच जमिनीवर काकांच्या जास्वंदीला पाणी घालतात. त्यांचं काकांशी चांगलं जमतं. पण २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' आला तेव्हा दोघांच्या प्रतिक्रिया अगदी उलट झाल्या. काका हातपाय गाळून बसले : "माझा विषय पळवला!" आबा सिनेमा पाहून आले आणि एवढंच म्हणाले, "आमच्या चुलत्यावानी एक हाय त्यात." पुढे एकदा आबांनी विचारलं, "काका, ह्या लिवण्याला पानामागं काय भाव मिळतो?" काकांनी कागदावर हिशेब मांडला. बँकेचा माणूस, हिशेब चुकायचा नाही. कादंबरी पूर्ण झाली, छापली गेली आणि खपली, तरी दोन उन्हाळ्यांच्या टँकरचे पैसे सुटत नव्हते. आबांनी जास्वंदीकडे मोर्चा वळवला.

न सुचण्याची कारणं काकांकडे हंगामानुसार असतात. पूर्वी बारमाही कारण एकच होतं, चांदणी चौक. "तासभर क्लच दाबून आलेल्या माणसाला काय सुचणार?" यावर उत्तर नव्हतं. मग ऑगस्ट २०२३मध्ये तिथला नवा उड्डाणपूल खुला झाला आणि काकांचं एक खात्रीचं कारण सरकारनं हिरावून घेतलं. त्या आठवड्यात ते खरोखर सैरभैर दिसत होते. नशिबानं पुढे भूगावची कोंडी शाबूत आहे.

पण काकांच्या साधनेचं खरं दर्शन घ्यायचं तर त्यांचं टेबल पाहावं. सागवानी, सहा फुटी, पौडच्या सुताराकडून मापं देऊन करून घेतलेलं. ते आधी खिडकीशी लावलं. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं, पलीकडे डोंगर. काका लिहायला बसले की पाणी बघत बसायचे. बगळा आला, बघ. ढग उतरला, बघ. होडी दिसली, कुणाची असेल बरं? महिनाभरानं निदान झालं की दृश्य फार मोठं आहे, त्यापुढे शब्द खुजे वाटतात. टेबल फिरवून भिंतीकडे लावलं. तोवर जून लागला. मुळशीचा पाऊस पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही. जुलै २०२४मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. पुण्यात एवढा व्हायला पावसाळ्याचा बराचसा भाग लागतो. त्या पावसात भिंतीला ओल आली. आधी वाटीएवढी, मग ताटाएवढी, मग तिला फाटे फुटले. काका रोज सकाळी पेन्सिलीनं तिची कड आखून तारीख घालू लागले. श्रावण संपेपर्यंत भिंतीवर तारीखवार नकाशा तयार झाला. वह्यांची पानं फुगली, पेनातली शाई कागदावर टेकताच पसरायला लागली. "बघ," काका मला म्हणाले, "निसर्गच लिहू देत नाही." टेबल आता खोलीच्या मधोमध आहे. त्याला कुठलीच बाजू नाही. त्यावर पापड वाळत घातलेले असतात.

न लिहिण्याच्या शास्त्रात मात्र काकांचा अधिकार मोठा. लेखकाच्या या अडून बसण्याला नाव दिलं ते एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकानं, १९४७ साली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ग्रॅहम वॉलस यानं १९२६मध्ये सर्जनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : तयारी, मुरवण, साक्षात्कार, पडताळणी. काका गेली वीसहून जास्त वर्षं मुरवणीत आहेत. ज्युलिया कॅमेरॉनबाईंचं १९९२ सालचं पुस्तक त्यांना मुखोद्गत आहे. रोज उठल्या उठल्या मनात येईल ते तीन पानं हातानं खरडायचं, असा त्यात उपाय आहे. काकांनी तो दुसऱ्या दिवशी सोडला, कारण तीन पानं वाचून पाहिली आणि ती वाईट होती. वाईटच असायची असतात, असं बाई सांगतात. काकांना ते पटत नाही. तल्लीन होऊन काम करण्याच्या अवस्थेवर १९९०मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या मिहाय चिकसेंटमिहायचं नाव काका न अडखळता घेतात. त्यासाठी त्यांनी आरशासमोर सराव केला होता, आणि तेवढा वेळ ते पूर्ण तल्लीन होते.

थोरामोठ्यांच्या लकबीही करून झाल्या. जर्मन कवी शिलर टेबलाच्या खणात कुजकी सफरचंदं ठेवायचा, त्या वासानं त्याला सुचायचं. मुळशीत मे महिन्यात सफरचंदापेक्षा फणस स्वस्त. काकांनी खणात गरे ठेवले. सुचलं फक्त मुंगळ्यांना. ते टिपणांच्या दुसऱ्या खोक्यापर्यंत गेले.

त्यानंतरचा व्हिक्टर ह्युगोचा प्रयोग आमच्या प्लॉटिंगच्या इतिहासात अजरामर आहे. नोत्र-दामवरची कादंबरी संपवायची म्हणून ह्युगोनं १८३० साली बाहेर जायचे कपडे कुलपात टाकले आणि अंगाला एक लोकरी शाल गुंडाळून लिहीत बसला. काकांनी डिसेंबरातल्या एका शनिवारी शर्ट-पँट ट्रंकेत घातले, कुलूप लावलं, किल्ली आबांच्या हवाली केली. "मी कितीही मागितली तरी उद्या संध्याकाळपर्यंत द्यायची नाही." आबा म्हणाले, "बरं." आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकून पुतणीच्या लग्नाला लवासाच्या बाजूला निघून गेले. काका चड्डी-बनियनवर आबांचं घोंगडं गुंडाळून लिहायला बसले. अकराच्या सुमारास प्लॉटधारकांची मासिक सभा आहे हे सगळ्यांना आठवलं. ती काकांच्याच ओट्यावर असते. पंधरा-वीस माणसं आली. काका घोंगड्यात बाहेर आले, कुणाच्याही नजरेला नजर न देता खुर्चीवर बसले आणि तासभर एक शब्द बोलले नाहीत. हात बाहेर काढता येईना म्हणून चहाही घेतला नाही. एरवी ते प्रत्येक ठरावाला उपसूचना मांडतात. लोकांना वाटलं, माणसाचं काहीतरी आतून बदललंय. दोघीतिघींनी जाताना वाकून नमस्कार केला. पुढचे दोन महिने काकांच्या शब्दाला सभेत वजन होतं. कादंबरीचं एक पानही झालं नाही, पण कॉमन बोअरचा प्रश्न त्या काळात सुटला.

मग तुरुंगाचा सिद्धांत आला. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, १९१०-११च्या हिवाळ्यात, पेन्सिलीनं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहून हातावेगळं केलं. "मराठी वाङ्मयाचं खरं माहेरघर तुरुंग," काका म्हणाले. "आपल्याला अटक कोण करणार? माझं साधं चलन कधी निघालेलं नाही." हे बोलताना ते खरोखर खिन्न होते. इथल्याच माणसांना शंभर वर्षांपूर्वी न मागता तुरुंग मिळाला होता आणि बदल्यात घरं बुडाली होती, हे त्यांच्या टिपणांत आहे. पण टिपणं खोक्यात असतात आणि खोकी माळ्यावर.

मागच्या पावसाळ्यात धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर सर्जनशीलतेचं निवासी शिबिर होतं. काका मलाही ओढून घेऊन गेले. फी मी सांगत नाही, काकू हे वाचणार आहेत. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपली भीती चिठ्ठीवर लिहून जाळायची होती. काड्या सादळलेल्या, चिठ्ठ्या सादळलेल्या. भीती काही पेटेना. शेवटी सगळ्यांच्या चिठ्ठ्या गॅसच्या शेगडीवर जाळल्या, तोवर पोह्यांची कढई खाली उतरवावी लागली म्हणून स्वयंपाकी चिडला. दुसऱ्या दिवशी पाण्याकडे तोंड करून बसवलं. मार्गदर्शिका तरुण होत्या, आवाज गोड होता. "डोळे मिटा. तुम्ही नदी आहात. स्वतःला अडवू नका. वाहू द्या, वाहू द्या…"

आमच्यात एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी डोळे न मिटताच हात वर केला.

"मॅडम, एक शंका. ही समोरची मुळा. ती वाहत होती तेव्हा नुसतीच वाहत होती. पुढे भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायची. ती अडवली, डोंगरापलीकडे नेली, पाइपात घालून पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडली, तेव्हा वीज झाली. तर अडवायचं का नाही अडवायचं, ते नक्की सांगा."

बाई म्हणाल्या, "सर, हे रूपक आहे."

"रूपकाबद्दलच विचारतोय," इंजिनिअर म्हणाले. "अजून पुढं ऐका. वीज करून ते पाणी कुंडलिकेत जातं. कोलाडला पोरं राफ्टिंग करतात ते ह्याच पाण्यावर. सकाळी भिऱ्याहून पाणी सुटतं तेव्हा नदीला ओढ असते, दुपारनंतर ती ओसरते. म्हणजे प्रवाह आहे. पण वेळापत्रकानं."

काकांनी हे वहीत उतरवून घेतलं. त्या वहीतलं ते एकमेव वाक्य आहे. मग चहाची सुट्टी झाली.

आता कुणी म्हणेल, असतो एखाद्याचा पिंड कोरडा. तसं मुळीच नाही. काकांनी प्लॉटधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली निवेदनं मी जपून ठेवली आहेत. टँकरच्या बिलाबद्दलच्या निवेदनातला हा उतारा पाहा : "टँकर फाटकातून आत आला तेव्हा त्यात पाणी होते. टाकीत उतरल्यावर ते निम्मे होते. मधल्या चाळीस पावलांत काय घडले, हे चालक, त्याचा मेहुणा आणि परमेश्वर या तिघांनाच ठाऊक. पैकी परमेश्वराशी अद्याप संपर्क होऊ शकलेला नाही." हे त्यांनी रात्री साडेदहाला, पाण्याच्या टाकीवर चढून, मोबाइल एका हातात आणि विजेरी दातात धरून लिहिलं, कारण रेंज तिथंच येते. वीस मिनिटांत. खाडाखोड नाही. कुंपणाच्या वादावरचं निवेदन तर तीन भागांत होतं, आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी मोकाट म्हैस अशा ठिकाणी सोडली होती, की तिसऱ्या भागासाठी लोक जागे राहिले.

माझं मत विचाराल तर काकांच्या डोक्यात कुठलाही बोळा अडकलेला नाही. नागपूरच्या त्या पत्रानंतर वाईट लिहिण्याची सवलत त्यांनी स्वतःला दिली नाही, एवढंच झालं आहे. टँकरवर वाईट लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून तिथं ते चांगलं लिहितात. कादंबरीचं पहिलं वाक्य मात्र थेट वाङ्मयाच्या इतिहासात जाणार असतं, आणि इतिहासाच्या दारात उभं राहून माणसाला शिंक येत नाही तर वाक्य कुठून येणार?

बरं, मराठीत लिहिणारी माणसं मुहूर्त पाहून लिहीत आली असंही नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः छापली. आठवडा संपला की पुढचा मजकूर तयार हवा, ओल भिंतीला असो वा मनाला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांनी खिडकीशी टेबल लावलं होतं की भिंतीशी, हे कुणी विचारत नाही. आणि १९०९ साली 'मासिक मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून तर मराठी लेखकाला सुचण्याचा ऋतू ठरूनच गेला आहे. जुलै-ऑगस्टात संपादकाचा फोन येतो, सप्टेंबरात दुसरा येतो, तिसऱ्या फोनला लेखक घरात नाही असं बायकोला सांगावं लागतं, आणि त्याच रात्री लेख होतो. काकांच्या त्या एकुलत्या एका गोष्टीमागे हेच कारण होतं. ज्यांनी ती मागितली ते संपादक पुढे वारले, अंक बंद पडला. तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी काही मागितलेलंच नाही. अकरा गुंठे, सागवान, घोंगडं, शिबिर, सगळं आहे. परवा सकाळी माणूस पाठवतो म्हणणारा कुणी नाही.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती, की यंदा एक फोन कोथरूडला करावा. शुक्रवारी करावा, शनिवारी काका रेंजमध्ये नसतात. कादंबरी मागू नये, सत्याग्रहाचं तर नावही काढू नये. टँकरवर बाराशे शब्द मागावेत. खरी तारीख असेल त्याच्या आठ दिवस आधीची सांगावी, आणि "सवडीनं द्या" हे दोन शब्द कृपा करून उच्चारू नयेत. मानधन नाही दिलंत तरी चालेल. पत्ता माझ्याकडे आहे.